लंगड्या मोराची कादंबरी

माझी शाळा दुसरीपत्तोर. दुसरीत दोन वर्सं बसलो, ते बी मास्तरान्ला माझी सवय झालती म्हणून. त्यामुळं ह्यो मजकूर मी बोलतोय आणि लेक लिवत्या. मधीच ती हसत्या, तवा मी थांबतोय.

ह्याच लेकीनं कादंबरी लिवली. बेळगावच्या वडगावात आमच्या घरात माणसं तीन आणि साड्या विणायचं माग दोन. दिवसभर त्यांचा आवाज, आणि त्या आवाजात बसून ही लिवायची. निपाणीची एक पोरगी, वडगावचा एक विणकर, त्यांचं लगीन कसं जुळलं त्याची हलकीफुलकी गोष्ट. म्हंजे आमचीच. मी गल्लीभर सांगून आलतो, "माझ्यावर पुस्तक निघालंय." दूधवाल्याला तर दोनदा सांगितलं.

मग कोल्हापूरच्या प्रकाशकाचा फोन आला. म्हणाला, पोरगी झकास उतरल्या, पण नायक मेलेला वाटतोय. त्याच्यात जीव घाला, न्हायतर छापणं जमायचं न्हाय. लेक फोन ठेवून मागापाशी बसली, तोंड एवढंसं करून. चार वर्सं घातलीती तिनं त्यात.

"वाच बघू," मी म्हणालो. "मेलाय कशानं ते तरी कळू दे."

लाईट गेलती, माग गप होतं. तिनं पोरगी बघायला जायचा भाग काढला. त्यात नायक मान खाली घालून बसलाय आणि म्हणतोय, "तुमच्या डोळ्यांत मला माझं घर दिसतं."

बायको ओट्यापासनं वराडली, "ह्यो कोण गं?"

"आप्पा," लेक म्हणाली.

"आप्पा? अगं, ह्या माणसानं माझं डोळं बघितलंच न्हाईत. माझा पदर उलटा करून बघितला, समद्या पावण्यांसमोर!"

खरं हाय ते. निपाणीला बघायला गेलतो. ही चहा घिऊन आली, वाकली, आणि पदर माझ्या गुडघ्यावर आला. विणकराच्या हाताला कापड लागलं की हात गप बसत न्हाय. मी पदर बोटात धरला, उलटा केला, काठ उजेडाला धरला आणि म्हणालो, "ह्यो मोर लंगडा हाय. कुठल्या आंधळ्यानं विणली ही साडी?" माझ्या बाऽनं माझ्या पायावर पाय दिला.

"हे का न्हाय लिवलंस?" मी लेकीला विचारलं.

"लोक तुमाला हसतील, आप्पा."

"मग आता काय रडत्यात व्हय मला बघून?"

बायको हात पुसत भाईर आली. "अगं, त्या एका गोष्टीवर तर मी होकार दिला. म्हटलं, पोरगा येडा हाय, पण कारागीर हाय. एका नजरंत चूक धरली. आमचा मामा बेळगावच्या पेठेतनं साडी घिऊन आलता, दुकानदारानं फसवलं त्याला. अजून बी लगनाकार्यात आमी मामाला चिडवतो, लंगडा मोर म्हणून."

मी चहाचा कप खाली ठिवला. एक गोष्ट मी ह्या घरात कधीच सांगितली न्हवती. मी निस्ता गप्प ऱ्हायलो आसतो तरी चाललं आसतं. पण समोर लेकीचं तोंड बघितलं आणि म्हणालो, "त्यो मोर माझाच हाय."

"म्हंजे?" बायकोनं विचारलं.

"म्हंजे मीच विणलाय. मागावर नक्षी उतरवणारी भोकाभोकाची पुठ्ठी लावताना एक पुठ्ठा उलटा शिवला. आख्ख्या लॉटात सगळ्या मोरांचा एक एक पाय गेला. मालकानं शिव्या देत माल कमी भावात काढला. तुझ्या दारात तोंडातनं शब्द गेला, आणि मग दिसलं, आरं, ह्यो तर आपलाच!"

मला वाटलं, आता भांडं येतंय अंगावर. बायको म्हणाली, "म्हंजे आंधळ्याशीच लगीन केलं की मी." आणि खाली बसून पोट धरून हसली. मग हसणं थांबवून माझ्याकडं बोट केलं. "आणि मामाला एवढी वर्सं… तुमी सोता जाऊन सांगायचं त्यान्ला."

लेक कवाच लिवाय लागलीती. "आप्पा, परत सांगा. कुठला पाय? डावा का उजवा?"

आठ दिवसांत तिनं नायक नवा केला. त्यो पदर उलटा करतोय, शिव्या देतोय, पांढरा पडतोय. प्रकाशकाचा फोन आला तर त्यो फोनवर बोलायच्या आधी हसतच होता. पुस्तक छापलं.

पयली प्रत घिऊन आमी निपाणीला गेलो. मामा दारात बसलंतं. मी पाय धरलं, सगळं सांगितलं. मामा म्हणालं, "जावई, त्या दुकानदाराला मी बाजारात तोंडावर चोर म्हणालोय. आता त्याची माफी कोण मागणार, तुमी का मोर?" मग लेकीला म्हणालं, "वाच गं पोरी. बघू माझं काय केलंस त्यात."

मामाच्या कट्ट्यावर दुपारी गल्लीतल्या बायका सुपं घिऊन विड्या वळाय बसत्यात. विडी वळणाऱ्या बाईचा हात गप्पा मारताना थांबत न्हाय, भांडताना थांबत न्हाय, नवऱ्याला शिव्या देताना तर जास्तच चालतोय. लेकीनं वाचाय सुरवात केली. पदर उलटा झाला तवा एकीचा हात थांबला. मग दुसरीचा. मोर लंगडा निघाला तवा सगळ्या सुपांवरचं हात थांबलंतं, तंबाखू तशीच चिमटीत, पानं तशीच मांडीवर.

माझ्यानं ऱ्हावलं न्हाय. मी मोठ्यानं म्हणालो, "माझी लेक हाय ती! मीच त्यो…"

"ओ पावणं," एक म्हातारी माझ्याकडं न बघता म्हणाली, "गप बसा की जरा. पोरगी काय म्हणत्या ते ऐकू द्या."

जन्मात पयल्यांदा मला कुणी गप बसवलं आणि बरं वाटलं.