कालव्यापलीकडची शाळा

कल्पना करा, एक फेब्रुवारीची सकाळ आहे आणि तुम्हाला शाळेतली मुलं मोजायची आहेत. काम तसं पोरखेळाचं. पण सरकार दर मुलामागे पैसे देतं, आणि ठरलेल्या आकड्याच्या खाली तीन वर्षं राहिलं की द्यायचं बंद करतं. मग शाळा मिटते. आता मोजा बघू.

नेदरलंड्सच्या झीलंड प्रांतातल्या त्या गावात शाळा दोन. कालव्याच्या अलीकडे नेल्त्येबाईंची, प्रॉटेस्टंट आईबापांनी उभारलेली. पलीकडे मारिनुस मास्तरांची, सार्वजनिक. एकीत सकाळी प्रार्थना होई, दुसरीत नाही. सरकारचं माप मात्र दोघींना सारखं. त्यामुळे पलीकडची भाविक मुलं मारिनुसच्या दारावरून सायकली हाणत नेल्त्येकडे येत, आणि अलीकडची बाकीची त्याच्याकडे जात. पुलावर एकमेकांना जीभ दाखवून. पिढ्यान् पिढ्या हेच चाललं होतं.

मग गाव म्हातारं झालं. नेल्त्येच्या शाळेत कोट अडकवायच्या खुंट्या एकेक करून उघड्या पडल्या. त्यांवर तिने चित्रं टांगली, तर भिंत जास्तच ओकीबोकी दिसू लागली.

आकड्याखालचं तिसरं वर्ष लागलं तरी नेल्त्येच्या शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष क्राइन, कांदेवाला शेतकरी, निर्धास्त होता.

"बाई, धीर धरा. मारिनुसकडे आपल्याहून कमी पोरं आहेत. आधी तो बुडणार. मग त्याची पोरं जातील कुठं? आपल्याचकडे!"

"दोन्ही शाळा एक केल्या तर?"

"आणि प्रार्थना? अर्धीच म्हणायची का?"

नेल्त्ये हसली. मनातून तिलाही ते पटलं होतं.

दर शुक्रवारी मारिनुस तिच्याकडे कॉफीला येई. ती डबा उघडे, तो एक बिस्कीट घेई, ती झाकण लावी. नाताळाआधीच्या एका शुक्रवारी धुकं खिडकीला येऊन टेकलं होतं. मारिनुस बराच वेळ नुसता चमचा फिरवत राहिला.

"नेल्त्ये, एक विचारू?"

तो शाळा एक करायचंच विचारणार, असं तिला वाटलं. थोडे दिवस थांबलं की झालं, असंही वाटलं.

"विचार की," ती म्हणाली आणि झाकण दाबून बसवलं.

मारिनुसने झाकणाकडे पाहिलं. "काही नाही गं. तुझी बिस्किटं अजून मऊ पडली नाहीत, एवढंच." त्याने कोट चढवला.

नाताळच्या सुट्टीनंतर मारिनुसची शाळा उघडलीच नाही. क्राइनने हौसेने जास्तीच्या खुर्च्या मांडून ठेवल्या. सकाळी पुलावर दिवे दिसले. बस होती, शहरातल्या मोठ्या शाळेची. मारिनुसची सगळी मुलं तिच्यात चढली.

दुसऱ्या आठवड्यात नेल्त्येच्याच वर्गातली दोन भावंडं बसच्या रांगेत उभी होती.

"तिथं फुटबॉलला पोरं पुरतात, बाई," थोरला पायांकडे बघत म्हणाला.

त्यांच्यामागून आणखी गेली.

आज एक फेब्रुवारी. मोजणी चहा निवायच्या आत आटोपली. क्राइन दाराशी टोपी चुरगाळत उभा राहिला आणि निघून गेला. बाहेर धुक्यात बस गुरगुरतेय, जणू कोणी राहिलंय का ते बघतेय. मारिनुस लेकीकडे दूर उत्तरेला गेला. जाताना निरोपालाही आला नाही.

नेल्त्येने डबा उघडून टेबलावर ठेवला आहे. त्या शुक्रवारी त्याला काय विचारायचं होतं?