‘होय’ कोण म्हणालं?

आमदाराला घाबरणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. पण आमदार ज्याला घाबरतो असा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच असावा, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला आहे. साडूंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. नुसत्या ‘हॅलो’वरून आपण माणूस, त्याचं गाव आणि त्याची सर्दी ओळखतो, असा त्यांचा दावा. एकदा त्यांनी मला फोन केला आणि माझा आवाज ऐकताच मी गॅस एजन्सीवाला आहे असं ठरवून सिलिंडर आला नाही म्हणून भरपूर झापलं. मी शेवटी सिलिंडर पाठवतो म्हणून कबूल केलं, तेव्हा कुठे सुटलो.

निवृत्तीनंतर या कानांना काम मिळालं ते झाडांमुळे. ठाकुर्लीला त्यांच्या गॅलरीसमोर जुन्या शिरीषांची रांग होती. एका सकाळी तिथे करवती लागल्या. साडू लेंग्यावरच खाली धावले. कंत्राटदार म्हणाला, “काका, आता परवानगीची भानगड नाय. नवीन कायदा पास झालाय विधानसभेत.”

“कोणी पास केला?” साडूंनी विचारलं. तिथे कंत्राटदाराचं ज्ञान संपलं.

मग साडूंनी विधानसभेच्या त्या दिवसाचं चित्रण शोधून काढलं. अध्यक्ष म्हणाले, “अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे.” एक गलका झाला. “प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे.” दुसरा गलका झाला. “होयचे बहुमत,” अध्यक्ष म्हणाले, आणि झाला कायदा! ना कोणी हात वर केला, ना कोणाचं नाव आलं. पोळीवर तूप हवं का हे विचारायला माझ्या मेहुणीला याहून जास्त वेळ लागतो. साडूंनी मला तातडीने बोलावून घेतलं. “अहो, म्हणजे झाडं कोणी तोडली ते कोणालाच ठाऊक नाही? पण त्या गलक्यात आपला आमदार असणारच. मी त्याचा आवाज वेगळा काढतो.”

आवाज वेगळा काढायचा तर आधी नमुना हवा. त्यासाठी साडू मोबाइल घेऊन आमदाराच्या मागे लागले. व्यायामशाळेचं उद्घाटन झालं, दहीहंडी झाली. डोंबिवलीतल्या एका लग्नात तर ते थेट स्टेजवर चढले आणि आमदार नवरा-नवरीला गुच्छ देत असताना मध्ये मोबाइल धरून म्हणाले, “साहेब, आशीर्वाद नंतर. आधी एकदा ‘होय’ म्हणा. विधानसभेत म्हणता तसं.” आमदार दचकून ‘होय’ म्हणाले, पण त्यांच्याबरोबर घाबरून नवरदेवही ‘होय’ म्हणाला आणि नमुना नासला. पुढे आमदार एका घरी समाचाराला गेले असता साडूंनी हळूच विचारलं, “फार सज्जन होते हो, नाही का?” आमदारांनी नुसती मान हलवली. तोवर तेही तयार झाले होते.

घरी संगणकावर तो गलका दिवसभर वाजू लागला. मेहुणी एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “अहो, तो कोणीतरी शिंकलाय.”

“शिंक नाही ती,” साडू म्हणाले, “डोंबिवलीचा होय आहे!”

शेवटी आमदारच कंटाळले. गणपतीच्या मंडपात सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, “काका, काय विचारायचं ते एकदाच विचारा.”

“त्या दिवशी होय म्हणालात की नाही?”

“मी नव्हतोच तिथं.”

“का? कुठे होतात?”

“कल्याणला! तुमच्या पुतणीच्या साखरपुड्याला आलेलो ना! अधिवेशन चालू आहे म्हणालो, तर तुम्हीच फोनवर बोललात, ‘अहो, तिथे तुमच्यावाचून काय अडलंय?’”

 प्रसादाचा मोदक हातात तसाच धरून साडू घरी आले. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि संगणकही लावला नाही.

पण पुढचं अधिवेशन आलं तसे ते पुन्हा उठले. ठाण्यातल्या खोपटपासून कल्याणपर्यंत ओळखीच्या घरांत, मंडळांत, दुकानांत जाऊन सांगू लागले, “आमदाराला बोलावू नका. त्याला सभागृहात बसू द्या.” विठ्ठलवाडीच्या एका सलूनवाल्याने विचारलं, मग फीत कोण कापणार? “मी कापतो!” साडू म्हणाले, आणि खरोखरच कापली. त्या अधिवेशनात त्यांनी इतक्या फिती कापल्या, की लोक त्यांच्याकडे नळाला पाणी येत नसल्याच्या तक्रारी घेऊन येऊ लागले.

त्याच अधिवेशनात खाडीकाठची तिवरांची झाडं तोडून भराव टाकणं सोपं करणारं विधेयक आलं. आम्ही दोघं साडूंच्या घरी शेजारी शेजारी बसून पाहत होतो. पहिला गलका मोठा झाला, दुसरा बारीक. त्यात कोणाचा आवाज कोणता, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. होयचे बहुमत झाले. साडूंनी संगणक बंद केला.

अधिवेशन संपलं त्या रविवारी आमदार आपणहून घरी आले. गॅलरीत बसले. शिरीष गेल्यापासून तिथे ऊन थेट अंगावर येतं, म्हणून मेहुणीने अर्ध्या भागात जुनी साडी बांधली आहे. चहाचा कप हातात फिरवत आमदार म्हणाले, “काका, सगळे दिवस बसलेलो. विधेयक आमच्याच लोकांचं होतं, म्हणून जरा हळू बोललो. पण ‘नाही’ म्हणालो. आलं का ऐकू?”

आता मोबाइल बाहेर निघणार, असं मला वाटलं. 

“आलं,” साडू म्हणाले. “स्पष्ट आलं.”

आणि आपली खुर्ची उन्हात सरकवून त्यांनी आमदाराला साडीच्या सावलीत घेतलं.