हात न टेकता

आमच्या व्याह्यांइतका हट्टी म्हातारा अख्ख्या माळव्यात दुसरा झाला नसेल. शेवटच्या संध्याकाळीसुद्धा आम्ही दोघं माझ्या अंगणात एका पायावर उभे राहून बशीतून चहा पीत होतो. माझी बशी डुगडुगली. ते आत बघून आपल्या लेकीला, म्हणजे माझ्या सुनेला, ओरडले, "बेटी, सासऱ्यांना अजून चहा आण. हा त्यांच्या धोतरानं पिऊन टाकला!"

संस्थानच्या फौजेत कवायत शिकवण्यात त्यांची उमर गेली. संस्थान गेलं, वर्दी गेली, पण हुकूम सोडायची खोड गेली नाही. फौज नाही तर म्हातारे सही. आमच्या पोरांच्या लग्नात पंगत उठायच्या वेळी हे गरजले, "साठीच्या वरच्यांनी हात न टेकता उठायचं!" वधूपिता सांगतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? माझे थोरले साडू अर्धे उठले आणि परत कढीच्या वाटीवर बसले. व्याही शांतपणे म्हणाले, "पुन्हा."

आमच्या शहरातल्या फ्रीगंजच्या रस्त्यावर हे टाचेला अंगठा लावत, तारेवरून चालल्यासारखे जायचे. एकदा टांगेवाल्यानं विचारलं, "बाबूजी, सुबह-सुबह चढ़ा ली क्या?" हे न थांबता म्हणाले, "चढ़ती तो इतना सीधा चलता? तू चलके दिखा!" तो उतरून चालला आणि तिसऱ्या पावलाला घोड्याच्या गळ्यात पडला. मध्यभारत राज्य मोडून सरकारी दफ्तरं भोपाळला निघाली, तेव्हा लोक देवास गेटच्या मोटारअड्ड्यावर हळहळत उभे होते. हे म्हणाले, "राजधानी कुठंही जाऊ द्या. म्हाताऱ्यानं आपला तोल सांभाळावा."

मी पिठाची चक्की चालवलेला माणूस, इयत्ता तिसरीत शाळा सुटली. मला हे सगळं थेर वाटायचं. मग माझी बायको मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. दोन वर्षं खाटेवर होती, मग गेली. त्यानंतर मी भिंत सोडेना. संडासलाही मुलाचा हात धरून जायचो. दहाव्याच्या, तेराव्याच्या गोष्टी करायला बरेच आले. हे आले आणि म्हणाले, "विहीणबाईंचं सगळं माझ्या पोरीनं केलं, हौसेनं केलं. आता तुम्ही पडलात तर पुन्हा तिच्याच गळ्यात. उठा."

मी शिवी दिली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि मला उठवलं. रोज यायचे. आधी भिंतीला बोट लावून, मग बोट काढून एका पायावर. मग फरशीच्या सांध्यावरून टाचेला अंगठा लावून चालायचं. मी लटपटलो की लाज काढणं नाही, दया नाही, फक्त "पुन्हा." वर्षभरात मी एकटा बाजारात जाऊन भाजी आणायला लागलो. सुनेनं पिशवी हातातून घेतली आणि पदर डोळ्यांना लावला. हे मात्र म्हणाले, "भेंडी जून आणलीत."

त्या शेवटच्या संध्याकाळी चहा झाल्यावर "उद्या डावा पाय" म्हणून गेले. पहाटे झोपेतच गेले.

सकाळी तिरडी उचलताना माणसं मला बाजूला करायला लागली. "काका, तुमच्यानं नाही व्हायचं." मी पुढच्या उजव्या बाजूला खांदा दिला. वाटेत मुलगा दोनदा म्हणाला, "बाबा, द्या आता माझ्याकडे." मी खांदा सोडला नाही. नदीकडचा उतार लागला तसा जपून पाय टाकत गेलो. पडायची भीती होतीच. पण मला धक्का लागून ते हलू नयेत, एवढंच वाटत होतं.