मधूनच सुरू होणारी मामी

जगातल्या प्रत्येक गोष्टीला सुरुवात असते आणि शेवट असतो, हे माझ्या मामीला कधीच मान्य झालेलं नाही. तिच्या मते जे काही आहे ते मधेच आहे. सुरुवात लोक उगाच करतात आणि शेवट जमत नाही म्हणून पाठ करून ठेवतात. तिचा फोन आला की 'हॅलो' नाही, 'कसा आहेस' नाही. कानाला लावावा तर पहिलंच वाक्य, "अन् मग मी त्याले म्हटलं, बाप्पा, कूलरची मोटर काय माह्या बोलण्यानं जळाली का?" हा 'तो' कोण आणि मोटर केव्हा जळाली, हे आपण पुढच्या बोलण्यातून गोळा करायचं. तिचं बोलून झालं की फोन बंद, निरोपबिरोप काही नाही. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटायचं की मामी रागावून फोन ठेवतात. मी तिला समजावलं की मामी रागावली असती तर तिने फोन ठेवलाच नसता.

मामीने उभी हयात सदर भागातल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर प्रताप नगरातल्या घराच्या समोरच्या खोलीत निबंधाची शिकवणी उघडली. तीही फक्त निबंधाच्या मधल्या परिच्छेदांची. आम्ही दोन गल्ल्या सोडून राहतो, त्यामुळे या शिकवणीचा गजर आम्हाला रोजचाच. मामा गेल्यापासून तिचा मुलगा शैलेश तिला पुण्याला चल म्हणून मागे लागला होता, आणि तिने जाऊ नये म्हणून मी मनातल्या मनात टेकडीच्या गणपतीला साकडं घालून बसलो होतो. मामीशिवाय प्रताप नगर ही कल्पनाच मला झोंबायची.

नवा विद्यार्थी यायचा तो सुविचारांची आणि चारोळ्यांची पुरचुंडी पाठ करूनच. मामी म्हणायची, "ते बाहेर चपलांजवळ ठेव अन् मधातलं लिही. दारातून तर कोणीही येते गा, घरात बसता आलं पायजे." हे सांगणारी बाई स्वतः मात्र कधी कुठे बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. खोलीत एक खुर्ची होती, तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं बसलेली असायची. मामी हातात मेथीची जुडी घेऊन निवडत निवडत मुलांच्या मांड्या ओलांडत फिरायची. समोरच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत, पुन्हा मुलांत. "एका परिच्छेदात एकच गोष्ट, समजलं का पोट्टेहो? कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजल्या? त्या कामठीच्या पोरीचा ऑटो अजून नाही आला का? एकच गोष्ट म्हणजे एकच! कोण रे तो, पंखा कायले वाढवला?" एका दमात चार गोष्टी सांगून ती मुलांना एका गोष्टीवर राहायला शिकवायची. पोरं हसायची नाहीत, कारण तिथून गेलेल्याला निबंधात मार्क पडायचे हे साऱ्या कॉलनीला ठाऊक होतं.

तिची रीत तशी सोपी होती. पहिल्या वाक्यात शब्द द्यायचा आणि बाकीच्या वाक्यांनी तो पाळायचा. मग उदाहरण हवंच, तेही डोळ्यांनी पाहिलेलं. तिचं माहेर उमरेडचं, घरी हातमाग. "आमचे बाबा रंग बदलला का दोरा बदलत," ती सांगायची, "तुमच्या निबंधात अर्ध्यातून रंग बदलते अन् विणणाऱ्यालेच पत्ता नसते." परिच्छेद तपासताना ती पेन्सिल आडवी धरून एकेक वाक्य झाकायची आणि उरलेलं वाचायची. झाकलेल्या वाक्यावाचून काही अडलं नाही की ते वाक्य गेलंच. माझ्या लेकीने 'माझे आवडते ठिकाण' म्हणून फुटाळा तलावावर परिच्छेद लिहिला होता. त्यात तलाव, भाजलेलं कणीस, मावसभावाची नवी स्कूटर आणि प्रदूषण हे सगळं एकाच ठिकाणी नांदत होतं. मामी म्हणाली, "काहून वं, तलावात स्कूटर बुडवली का?" पोरगी रडवेली झाली, पण पुन्हा लिहायला बसली. या वेळी तिचं पहिलं वाक्य होतं, 'फुटाळ्यावर कुणालाच घाई नसते', आणि पुढे फक्त तिचे बाबा, म्हणजे मी, तिथे मोबाइल खिशात ठेवून कणसाचा एकेक दाणा सोलून कसा खातो, एवढंच. मामीने वरपासून खालपर्यंत एकेक वाक्य झाकून पाहिलं. मग पेन्सिल कानावर खोचली आणि म्हणाली, "ह्याच्यातलं काही काढता येत नाही." मामीच्या दरबारात याहून मोठा किताब नव्हता. त्या दिवशी आमच्याकडे पेढे आले.

शिकवणीत होतं तोवर ठीक होतं, पण मामी ही पेन्सिल घेऊन गावभर फिरायची. शेजारच्या एका साहेबांच्या निवृत्तीच्या समारंभात एक वक्ता म्हणत होता, साहेब प्रेमळ आहेत, कष्टाळू आहेत, शिस्तप्रिय आहेत. मामी मागून ओरडली, "एकाच गोष्टीवर राहा, अन् उदाहरण द्या!" बिचारा गडबडला, माइक या हातातून त्या हातात घेतला, आणि मग म्हणाला की आपण नवे असताना साहेबांनी आठवडाभर स्वतःच्या डब्यातली अर्धी भाजी आपल्याला दिली होती. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मामी तोवर आइसक्रीमच्या रांगेत जाऊन पोचली होती.

मात्र ही मधल्या मध्ये राहण्याची खोड एकदा अंगाशी आली. उन्हाळ्यातली गोष्ट. मामीने गॅसवर हरभरे चढवले आणि कामठीच्या त्या मुलीला दारापर्यंत सोडायला गेली. मुलीच्या परिच्छेदात एक वाक्य चुकीच्या जागी आलं होतं. ते दारात सुटेना, म्हणून दोघी फाटकाशी गेल्या. फाटकाशी सुटेना, म्हणून पार ऑटोच्या थांब्यापर्यंत गेल्या. इकडे भांडं जळून कोळसा झालं, पडद्याने पेट घेतला, आणि धुरामुळे पुढून शिरता येईना म्हणून आम्ही चार जणांनी मागच्या दाराची कडी तोडून पाणी मारलं. मामी परत आली ती बोलतच, "वाक्य सापडलं गा!" मग तिला धूर दिसला. आणि त्या दिवशी प्रथमच ती वाक्य अर्धं टाकून गप्प झाली.

शैलेश आता ऐकणार नव्हता. फोनवर तो ओरडला, "आई, बस झालं. तू पुण्याला ये. कायमची." मामी म्हणाली, "काहून येऊ? लिहून दे. तीन परिच्छेद. सुरुवात नको, शेवट नको." तो इंजिनीअर माणूस, लहानपणी आईच्या शिकवणीतून खिडकीवाटे पळायचा. आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की आई थट्टा करत नाहीये. "एक जरी जमला तर येते," ती म्हणाली, "एकही नाही जमला तर पुन्हा नाव काढायचं नाही." तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नव्हतं. चुलत-मामे भावंडांत शैलेशचं मराठी सगळ्यांत कच्चं, एवढाच काय तो आधार होता.

त्याचा मजकूर मोबाइलवर यायचा आणि मामीला लाल पेनाशिवाय वाचता येत नाही, म्हणून मी तो सदरच्या दुकानातून कागदावर छापून आणायचो. पहिल्या परिच्छेदात त्याने ब्लडप्रेशर, गुडघे, लिफ्ट आणि सोसायटीतला डॉक्टर असं सगळं भरलं होतं. मामीने गॅलरीत येरझारा घालतच शेरा मारला, 'एका पाटावर चार पाहुणे.' दुसऱ्यात नातू तुझी फार आठवण काढतो असं होतं. "आठवण काढते म्हणजे काय करते? उदाहरण कुठं आहे?" तोही लाल होऊन परत गेला. मी घरी शीळ घालत आलो. बायको म्हणाली, "तुम्हाले बरंच गोड वाटून राहिलं!"

तिसरा परिच्छेद बरेच दिवस आला नाही. आला तो असा:

'मला संध्याकाळी माझ्याच घरात पाऊल टाकता येत नाही. ऑफिसातून आलो की गाडी लावतो आणि खालीच उभा राहून तुला फोन करतो. तू उचलतेस आणि मधूनच बोलायला लागतेस, कूलर, मेथी, कामठीची मुलगी. मला त्यातलं निम्मं कळत नाही. पण तुझा आवाज आला की मी लिफ्टचं बटण दाबतो. पडदा जळाला त्या संध्याकाळी तू फोन उचलला नाहीस. अंधार पडेपर्यंत मी खालीच उभा होतो.'

मामी वाचता वाचता खुर्चीशी गेली आणि वर्तमानपत्रांसकट तिच्यावर बसली. मी तिला इतक्या वर्षांत प्रथमच बसलेलं पाहत होतो. तिने पेन्सिल आडवी धरली. पहिलं वाक्य झाकलं, दुसरं झाकलं, खालपर्यंत गेली, पुन्हा वर आली. एखादं वाक्य तरी जादा निघू दे, असं मी म्हणत होतो.

"ह्याच्यातलं काही काढता येत नाही, गा," ती म्हणाली. मग तिने पेन्सिल कानावर खोचली. "पोट्ट्यानं शब्द पाळला. आता मले पाळा लागते."

स्टेशनवर मी तिला काय म्हणायचं ते घरून ठरवून गेलो होतो. चांगली सुरुवात जुळवली होती, शेवटही होता. पण मामीने बोलूच दिलं नाही. डब्याच्या दारात उभी राहून ती खुर्ची कोणाला द्यायची, मेथीवाल्याला काय सांगायचं, असं बोलत सुटली. गाडी हलली तेव्हा ती म्हणत होती, "अन् त्या कामठीच्या पोरीले सांग का तिचा दुसरा परिच्छेद..." आणि डबा पुढे गेला. 'येते' नाही, 'सांभाळ' नाही. मला तिचा राग आला, आणि रडूही आलं.

त्यानंतर काही दिवस मी सैरभैर होतो. त्या गल्लीतून जाणं टाळत होतो. एका संध्याकाळी स्कूटर लावत होतो आणि फोन वाजला. उचलला तर, "...पहिला कर म्हणा तिले. काहून की तिच्या बापाचा हातमाग तिथं येते, तो मागे ठेवून कसं चालीन? इथली मेथी म्हणजे बाप्पा, नुसत्या काड्या. लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही, मी बोलते." मग फोन बंद.

आता माझंही शैलेशसारखंच झालं आहे. संध्याकाळी स्कूटर लावतो आणि खालीच थांबून मामीला फोन करतो. तिकडून आवाज येतो, निम्मं कळत नाही. मग मी जिना चढायला लागतो.