आर्लीनची पेन्सिल

आर्लीन टॉर्गर्सनच्या डाव्या हाताला बसायचं म्हणजे उजव्या कानावर पाणी सोडायचं. मी एकोणीस वर्षं तिथे बसलो, गावच्या बेसबॉल मैदानात, तिसऱ्या बेसच्या बाजूला, चौथ्या रांगेत. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, लायल, तुम्ही लाकडाच्या गिरणीत होतात का? म्हटलं, नाही हो, पोस्टात होतो, पण माझ्या शेजारी आर्लीन बसते. डॉक्टर आमच्या एल्क फॉर्क गावचाच माणूस. तो हसला आणि पुढचं काही विचारलं नाही.

बाई एकाहत्तर वर्षांची, उंची जेमतेम पाच फूट. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तिने रोज चारशे पोरं जेवू घातली. त्यामुळे आवाज असा, की मैदानाच्या पार टोकाचा खेळाडूसुद्धा दचकून रांगेत उभा राहील. आमच्या हेरॉन्स संघातला कुणी ढिला पडला की ही उठलीच. "अरे, बॅट फिरवायला दिलीय, खांद्यावर मिरवायला नाही!" पंच तर तिचे जन्माचे वैरी. "पंचसाहेब, चष्मा घरी राहिला का? हा घ्या माझा!" जिंकलो की शेजारच्या परक्या माणसालाही मिठी. हरलो की गाडीत बसेपर्यंत तोंडातून अक्षर नाही.

मात्र हातात पेन्सिल धरली की ही वेगळीच बाई. सामन्याची वही आमच्याकडे बरेच जण भरतात. कोण कसा बाद झाला, कुणी चूक केली, सगळं चौकोनात टिपायचं. मीही भरायचो, पाचव्या डावापर्यंत, मग मला भूक लागायची. आर्लीनने एकतीस वर्षांत एक चौकोन रिकामा सोडलेला नाही. नवरा हॅरल्ड गेला त्या वर्षीसुद्धा नाही. तोंड हेरॉन्सचं, पेन्सिल कुणाचीच नाही, असं ती म्हणायची. मला ते तेव्हा नुसतं बोलणं वाटायचं.

तिचा सगळ्यात लाडका खेळाडू डेल्विन पेग्वेरो, आमचा कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू धरणारा. बारा वर्षांपूर्वी डोमिनिकन रिपब्लिकमधून आला तेव्हा अंगावर पातळ कोट आणि बाहेर गुडघाभर बर्फ. आर्लीनने हॅरल्डचा लोकरी कोट त्याच्या अंगावर चढवला आणि तेव्हापासून ती त्याची मावशी झाली. उन्हाळ्यात तो खेळायचा, हिवाळ्यात हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजायचा. आता छत्तिसावं लागलं होतं, दोन्ही गुडघे कामातून गेले होते, आणि हा हंगाम संपला की तो कायमचा घरी निघणार होता. कॅचरकडे कोण बघतं? चेंडू धरला तर ते त्याचं कामच, सुटला तर सगळ्या गावाला दिसतो. बारा वर्षांत त्याला एक साधं पदकसुद्धा मिळालं नव्हतं.

यंदा मिळण्यासारखं होतं. आमच्या लीगमध्ये हंगामाच्या शेवटी उत्तम कॅचरला पितळेचा ग्लोव्ह देतात, चांगला पावाच्या लादीएवढा. वर्षभरात ज्याच्या हातून सगळ्यात कमी चेंडू सुटले, तो त्याला. बरोबरी झाली तर बेस चोरायला पळालेले गडी ज्याने जास्त बाद केले, त्याला. बेस म्हणजे धावण्याचा टप्पा, आणि चेंडू टाकला जात असतानाच पुढच्या टप्प्याकडे पळ काढणं म्हणजे तो चोरणं. डेल्विनच्या नावावर तीन सुटलेले चेंडू होते. ब्रॅडिश संघाचा कॅचर वेड किंकेड, त्याच्याही नावावर तीनच. पण चोर बाद करण्यात किंकेड एकाने पुढे होता, बेचाळीस विरुद्ध एक्केचाळीस.

आता खरी गोम. डेल्विनच्या त्या तिनांतला एक त्याचा नव्हताच.

कॅचरच्या मागे चेंडू गेला, की दोष त्याचा का चेंडू टाकणाऱ्या पिचरचा, ते वर काचेच्या खोलीत बसलेला स्कोअरर ठरवतो. आमचा स्कोअरर म्हणजे मिल्टन टॉर्गर्सन, हॅरल्डचा धाकटा भाऊ, आर्लीनचा दीर. सज्जन माणूस, पण खायची आवड दांडगी. जुलैत एका चेंडूला तो सॉसेजवर मोहरीची चटणी घालत होता. चेंडू डेल्विनच्या पुढे हातभर मातीत आपटला आणि उसळून मागे गेला. मातीला आधी लागला की दोष पिचरचा, हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक आहे. मिल्टनने मान वर केली, चेंडू जाळीशी लोळताना पाहिला आणि देऊन टाकला डेल्विनच्या नावावर.

आर्लीन त्या दिवशी जिना चढून वर गेली होती. मी खालून ऐकत होतो, अख्खं मैदानच ऐकत होतं.

"भाऊजी, मोहरी लागली का नीट?"

"वहिनी, इथे वर यायची परवानगी नाही."

"चेंडू मातीत पडला!"

"तुम्हाला सगळे चेंडू मातीत पडलेलेच दिसणार. डेल्विन आहे ना तो!"

हे शब्द तिला फार लागले. वही पक्षपाती आहे, असं आजवर तिला कुणी म्हटलं नव्हतं. पूर्ण ऑगस्टभर ती दिराशी बोलली नाही, आणि दर शनिवारी तिच्याकडे जेवायला येणारा मिल्टन घरी डबे उघडून खात बसला.

शेवटचा सामना रविवारी होता, आमच्याच मैदानात, आणि नेमका ब्रॅडिशशीच. आधीचा निर्णय बदलायचा असेल तर स्कोअररने हा शेवटचा सामना सुरू व्हायच्या आत बदलायचा, असा नियम. शनिवारी दुपारी आर्लीनने मिल्टनला जेवायला बोलावलं. मलाही बोलावलं, साक्षीदार म्हणून. मी पोचलो तर ही टेबलाशी बसलेली, पुढ्यात यंदाची वही उघडी, आणि तोंड उतरलेलं.

"लायल, हे बघ," ती म्हणाली. "जूनमधला."

मी बघितलं. जूनमधल्या एका सामन्यात चेंडू डेल्विनच्या छातीच्या उंचीवर सरळ आला होता, ग्लोव्हमध्ये बसला आणि निसटला. मिल्टनच्या डोळ्यांवर ऊन होतं की काय कोण जाणे, त्याने तो पिचरच्या नावावर घातला होता. आर्लीनच्या वहीत मात्र डेल्विनच्या नावापुढे ठसठशीत फुली. म्हणजे जुलैचा वजा केला तर दोन, आणि जूनचा धरला की पुन्हा तीन.

"मग त्याचं काय?" मी म्हटलं. "जूनचं कोण विचारतंय? तू जुलैचं पान दाखव आणि वही मिट."

"आणि?"

"आणि काय आणि! डेल्विनला ग्लोव्ह मिळतो, तो घरी जातो, सगळे सुखी. अगं, बारा वर्षं झाली त्या माणसाला!"

"मला मोजून दाखवू नकोस. मी त्याच्या पहिल्या दिवसापासून तिथे आहे."

"मग हट्ट कशाला?"

तिने पेन्सिल कानामागून काढली आणि परत कानामागे खोचली. "त्याने मला पक्षपाती म्हटलंय, लायल. आज मी अर्धी वही दाखवली तर तो खरं बोलला असं होईल."

मिल्टन आला. आधी जेवण झालं, कारण त्याशिवाय मिल्टनचं डोकं चालत नाही. मग तिने वही पुढे सरकवली. जुलैचं पान. मातीत कुठे आपटला तिथे तिने बारीक टिंब काढलं होतं, शेजारी पिचरचं नाव, वेळ, आणि खाली 'मिल्टन: मोहरी' असंही लिहिलं होतं. मिल्टन ते वाचून लाल झाला.

"मोहरी लिहायची काय गरज होती, वहिनी?"

"जे घडलं ते लिहिलं."

त्याने पान जवळ ओढून ते टिंब पुन्हा बघितलं. मग म्हणाला, "बरं. माझी नजर नव्हती. बदलतो."

मी मनात टाळी वाजवली. जिंकलो होतो! आता फक्त वही मिटायची होती. आणि या बाईने काय करावं? पानं उलटून जून काढला, त्या फुलीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "भाऊजी, हाही बघा. हा तुमच्याकडून राहिलाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. मोठ्याने म्हणालोसुद्धा, "आर्लीन, वेडी झालीस का?" मला तिचा इतका राग आला होता की गोड वाढून आलेलं ताट तसंच सोडून मी अंगणात जाऊन उभा राहिलो. रूबार्बच्या आंबटगोड देठांचं सारण भरून भाजलेला 'पाय' होता, आणि मला तो फार आवडतो, यावरून ओळखा.

रविवारी दुपारी एकला सामना. त्याआधी डेल्विन कुंपणाशी आला. गावात बातमी पसरायला रात्रही लागली नव्हती. रांगेतले लोक आर्लीनकडे बघत नव्हते. शेजारणीने तर पिशवी उचलून पलीकडे ठेवली. आर्लीन वही मांडीवर घेऊन ताठ बसली होती.

"मावशी," डेल्विन म्हणाला, "जूनचा तू दिलास?"

"दिला."

"तो माझाच होता. ग्लोव्हमध्ये बसला होता, मीच सोडला. रात्री झोप लागली नव्हती मला."

"मला माहीत आहे. मी बघत होते."

त्याने चेहऱ्यावरचा जाळीचा मुखवटा डोक्यावर सरकवला. "मग आज दोन चोर पकडायचे. एवढंच ना?"

"एवढंच," ती म्हणाली. "आणि गुडघे वाकव नीट!"

तिसऱ्या डावात ब्रॅडिशचा एक तरतरीत पोरगा पहिल्या बेसवरून पळाला. डेल्विनने बसल्या जागेवरून चेंडू भिरकावला आणि पोरगा दुसऱ्या बेसच्या वावभर आधीच बाद. बेचाळीस! बरोबरी! आर्लीनने इतक्या जोरात ओरडून माझा खांदा दाबला की मला कालचा राग अर्धा विसरायला झाला. पण ब्रॅडिशचा मॅनेजर काही दुधखुळा नव्हता. त्यानंतर त्यांचा एकही गडी बेस सोडेना. आमच्या मॅनेजरनेही आमच्या गड्यांना बेसवर बांधून ठेवलं, कारण किंकेडला कशाला आयतं द्या! चार, पाच, सहा, सात, आठ, डाव जात राहिले. बरोबरीवरच राहिलं असतं तर लीगवाल्यांनी मॅनेजरांची मतं घेतली असती, आणि मतं घ्यायला लागले की कॅचर आठवतो तो तरुण आणि देखणा. किंकेड दोन्ही होता.

नववा, म्हणजे शेवटचा डाव. आम्ही एका धावेने पुढे. ब्रॅडिशचे दोन बाद, तिसरा गेला की खेळ खलास, आणि पहिल्या बेसवर त्यांचा सगळ्यात वेगवान गडी. आता त्यांची पंचाईत झाली. तो दुसऱ्या बेसवर गेल्याशिवाय बरोबरीची धाव मिळणं कठीण. पळवावा तर डेल्विन समोर, न पळवावा तर सामना हातचा जाणार.

"पळव ना!" आर्लीन उभी राहून ब्रॅडिशच्या मॅनेजरला ओरडली. "घाबरलास का रे? पळव की त्याला! का पाय भाड्याचे आणलेत?"

हळूहळू चौथी रांग उठली, मग पाचवी, मग सगळे. पिशवी सरकवणारी ती शेजारीणसुद्धा. "पळव! पळव!" मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं, की समोरच्या संघाने बेस चोरावा म्हणून घरचे प्रेक्षक घसा फोडतायत.

आणि तो पळाला.

चेंडू खाली आला, वाईट चेंडू, पायाशी. डेल्विनने तो मातीला लागायच्या आत उचलला, त्या मोडक्या गुडघ्यांवर उठला आणि फेकला. मला वाटलं उंच गेला. नाही! दुसऱ्या बेसवर ग्लोव्ह खाली आला, गडी घसरत आला, धूळ उडाली, आणि पंचाचा हात वर. बाद! सामना आपला! त्रेचाळीस!

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. कुणीतरी माझी टोपी उडवली. आर्लीन बाकावर चढली होती, एकाहत्तराव्या वर्षी, आणि "माझा डेल्विन! बघा माझा डेल्विन!" असं रडत ओरडत होती. त्या गोंधळात मी तिला खाली उतरायला हात दिला, तर म्हणाली, "थांब," आणि बाकावरच बसून आधी शेवटचा चौकोन भरला.

ग्लोव्ह द्यायच्या वेळी लीगच्या माणसाने मिल्टनचा कागद वाचला. सुटलेले चेंडू तीन आणि तीन. बाद केलेले चोर त्रेचाळीस आणि बेचाळीस. किंकेडनेच पहिला येऊन डेल्विनला मिठी मारली, आणि देखणा असला तरी माणूस बरा निघाला. डेल्विन ग्लोव्ह घेऊन धावत आमच्या कुंपणाशी आला, गुडघे विसरून, आणि तो पितळेचा ऐवज जाळीवरून आर्लीनच्या हातात दिला. तिने उलटापालटा करून बघितला, पदराला पुसावा तसा स्वेटरला पुसला आणि परत केला. "जड आहे," म्हणाली. "विमानात हातातच धर, सामानात टाकू नकोस."

लोक पांगत होते तेव्हा मिल्टन जिना उतरून आला. हातात स्कोअररची मोठी वही.

"वहिनी," तो म्हणाला, "माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. पुढच्या वर्षी मी बसणार नाही. मी लीगला तुमचं नाव सांगितलंय. त्यांनी हो म्हटलंय."

मी तिच्याकडे बघितलं. एकतीस वर्षं जी बाई त्या काचेकडे बघून बोटं मोडत होती, तिला तीच खुर्ची देत होते. तिचे डोळे भरून आले. तिने मिल्टनच्या वहीवर हात ठेवला.

"भाऊजी, तुम्ही विचारलंत, यातच सगळं आलं." मग तिने वर काचेकडे बघितलं. "पण वर ओरडायला परवानगी आहे का?"

"छे हो. वर बसणाऱ्याने टाळीसुद्धा वाजवायची नाही. तो नियमच आहे."

"कुणी असा चेंडू फेकला तरी?"

"तरी."

आर्लीनने वही त्याच्या छातीशी परत टेकवली. "मग नको," ती म्हणाली. "तुम्हीच बसा. चुकलात तर मी आहेच खाली."