डाउट म्हणजे नेमकी कुठली शंका

डोंबिवलीच्या एका शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवल्यावर मी घोडबंदर रोडवरच्या एका पंपांच्या कंपनीत पत्रं तपासायला लागले. गिऱ्हाइकं परदेशातली. इंजिनिअर लिहायचे, मी वाक्यं सरळ करायची, मग पत्र जायचं. पंपातलं मला काही कळत नव्हतं, आणि कळायची गरज नाही असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

तिथे कळव्याचे एक पन्नाशीचे इंजिनिअर होते. सगळं शिक्षण मराठीतून झालेलं. मी दुरुस्त केलेलं पत्र वाचून ते म्हणायचे, यात आता माझं काय उरलं?

एकदा गिऱ्हाइकाने नव्या पंपाचे फोटो पाठवलेले, सगळं ठीक आहे ना असं विचारून. ते पाहून या इंजिनिअरनी लिहिलं, 'आय अ‍ॅम हॅविंग डाउट दॅट सील इज लीकिंग. काइंडली डू द नीडफुल.' मी पहिलं वाक्य नीट केलं, 'आय डाउट दॅट द सील इज लीकिंग.' दुसरं घासून गुळगुळीत झालेलं, म्हणून काढूनच टाकलं. पत्र सुटसुटीत दिसायला लागलं.

दोन दिवसांनी उत्तराचा कागद घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले. तिकडच्यांनी आभार मानलेले, काळजी मिटली म्हणून, आणि उद्या पंप सुरू करतोय असं कळवलेलं.

"मॅडम, मी गळतंय म्हणून लिहिलेलं. हे थँक्यू कशाला म्हणतायत?"

मलाही कळेना. माझं वाक्य दोनदा वाचलं, व्याकरणात खोट नव्हती. मनात मराठी करून पाहिलं, सील गळतंय अशी मला शंका आहे. तेही बरोबर. मग लक्षात आलं. आपली ही शंका म्हणजे गळत असावं. इंग्रजीतला हा डाउट म्हणजे गळत नसावं. मी वर्गात हे शिकवलेलं होतं. तरी हात कसा चालला, ते आजही मला सांगता येत नाही.

मी हे सांगत होते तोवर त्यांनी फोन लावलासुद्धा. "नो स्टार्ट. सील लीकिंग. ओपन अँड सी." त्या तीन तुकड्यांत दुरुस्त करण्यासारखं पुष्कळ होतं. पलीकडच्याला पहिल्या झटक्यात समजलं. तिकडच्यांनी पंप उघडला, गळती अडवणाऱ्या त्या सीलला चीर गेलेली होती.

मी मॅनेजरना जाऊन चूक माझी आहे असं सांगितलं. त्यांनी दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून पाहिली आणि म्हणाले, तुमचं तर बरोबर आहे, मग चूक कसली? इंजिनिअर म्हणत राहिले, माझंच इंग्रजी कच्चं. चूक नक्की कोणाची, हे तिघांनाही ठरवता आलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी मराठीत विचारते, तुम्हाला काय म्हणायचंय? तेवढ्याने निभेल असं वाटलेलं.

हा घोळ कळला त्याच दिवशी संध्याकाळी घराच्या जिन्यात शेजारीण भेटली. उद्या पाणी येईल का, तिने विचारलं.

"मला शंकाच आहे," मी म्हणाले.

ती लगबगीने बादल्या भरायला गेली. म्हणजे पाणी येणार नाही, हे तिला बरोबर कळलं. पण मग सकाळी मी शंका म्हणजे 'असावं' असा अर्थ लावलेला, तो कुठला? चावी हातात धरून मी किती तरी वेळ तिथेच सीलचं आणि पाण्याचं अशी दोन्ही वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते.