संध्याकाळच्या वर्गाची मास्टर्स

बादल्या आणि टब बनवणाऱ्या त्या कंपनीत हिशेबखात्यातल्या वरिष्ठ सहायकाला सगळे ताळेबंदराव म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, आणि त्यांना स्वतःला त्याचा राग यायचाही बंद झाला होता. राग यायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो. ताळेबंदरावांनी चाळिशी ओलांडली होती आणि ते दमलेले होते. आजारी नव्हते, दुःखी म्हणावं असंही काही घडलं नव्हतं, नुसते दमलेले. रविवारी दिवसभर लोळूनही सोमवारी बूट घालायला म्हणून दाराशी बसत ते बसूनच राहत, आणि बायको आतून विचारायची, गेलास की आहेस अजून?

त्यातच खात्याच्या प्रमुख मॅडम नोकरी सोडून निघाल्या. हे काही नवीन नव्हतं. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी तरुण प्रमुख यायचं, बस्तान बसतंय न बसतंय तोच बढती घेऊन दुसरीकडे जायचं. दर वेळी ताळेबंदरावांची आशा जरा डोकं वर काढायची, आणि दर वेळी जाहिरातीतली एक ओळ तिला टपली मारून खाली बसवायची: फायनान्समधली मास्टर्स पदवी आवश्यक.

गंमत म्हणजे ती ओळ जाहिरातीत घातली होती त्यांनीच. पहिल्या खेपेला कंपनीचे मॅनेजर साहेब म्हणाले होते, कुठलीतरी बरी जाहिरात बघा आणि आपलं नाव घालून द्या. ताळेबंदरावांनी एका मोठ्या कंपनीची जाहिरात जशीच्या तशी उतरवली, नाव-पत्ता बदलला आणि सहीला पाठवली. तेव्हा ते त्या खुर्चीच्या आसपासही नव्हते. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे कळणार कसं?

या वेळी मात्र धीर करून ते साहेबांकडे गेले. ओळ कुठून आली ते सांगून टाकलं आणि काढता येईल का असं विचारलं. साहेब मनापासून हसले. "काढता येईल हो, पण मग ढीगभर अर्ज येतील. ते वाचायचे कुणी?" मग जरा थांबून, अगदी आपुलकीने म्हणाले, "तुम्हीच ती मास्टर्स करून टाका ना. संध्याकाळचे वर्ग असतात. पुढच्या वेळी मी वरती तुमच्यासाठी शब्द टाकतो." साहेब वाईट माणूस नव्हते, हीच पंचाईत होती. वाईट माणसावर निदान चिडता तरी येतं.

झालं, डोक्यात भुंगा शिरला. मेहुण्याला विषय कळायचा अवकाश, त्याने फोनवरच भावोजींना उपदेशाचे डोस पाजायला सुरुवात केली. शिक्षण वाया जात नाही, वय हा नुसता आकडा असतो, वगैरे. मेहुण्याने स्वतः शाळा सुटल्यापासून पुस्तकाला हात लावला नव्हता, त्यामुळे शिक्षणाबद्दलचा त्याचा आदर शाबूत होता.

जाणाऱ्या मॅडमना मात्र ताळेबंदरावांनी साहेबांचं बोलणं सांगून सरळच विचारलं, या पदवीने खरंच काही होतं का? मॅडम टेबलाचे खण रिकामे करत होत्या. त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि यांना बसायला सांगितलं. पदवीचा आपल्याला उपयोग झाला, हे त्यांनी लपवलं नाही. विशीत असताना दार उघडलं ते तिनेच. पुढे मात्र दर बढतीला शहर बदलावं लागलं. "तुम्ही जाणार आहात का दुसऱ्या शहरात?" त्यांनी विचारलं. ताळेबंदराव नाही म्हणाले. बायकोची शाळेतली नोकरी होती, मुलीचं शिक्षण इथेच चाललं होतं. "मग राहिला साहेबांचा शब्द," मॅडम म्हणाल्या. "तो खराही होईल. पण तेवढ्यासाठी इतक्या संध्याकाळी द्यायच्या का, ते मला नाही सांगता यायचं."

संध्याकाळी देणं म्हणजे काय, ते ताळेबंदरावांना ठाऊक होतं. मुलगी लहान असताना त्यांनी कॉस्टिंगचा डिप्लोमा असाच केला होता. घरी यायचे तेव्हा ती झोपलेली, निघायचे तेव्हाही झोपलेली. सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी दाराआडून बघायची. त्या डिप्लोम्याने 'सहायक'च्या आधी 'वरिष्ठ' लागलं आणि हातांची खुर्ची मिळाली. खुर्चीचे हात टेबलाखाली जात नसत, म्हणून तेव्हापासून ते पुढे वाकून काम करत.

शेवटी जेवताना त्यांनी घरी विषय काढला. खरं सांगायचं तर त्यांना सल्ला नको होता. कुणीतरी नको म्हणावं, एवढंच हवं होतं. पुरे झालं आता, संध्याकाळी घरी असत जा, असं कुणीतरी म्हणेल, साहेबांना सांगायला कारण मिळेल, आणि आपण कुणाला तरी हवे आहोत हेही कळेल. बायको दिवसभर शाळेत मुलांवर ओरडून आलेली, दमलेली तीही होती. म्हणाली, वाटत असेल तर कर, मागच्या वेळी निभावलं तसं आताही निभावेल. ताळेबंदरावांनी त्यात टोमणा शोधला. सापडला असता तर बरं वाटलं असतं, पण टोमणा नव्हता.

मुलीने ताट उचलता उचलता म्हटलं, "कर की बाबा. तू नसलास तरी चालतं आमचं. सवय आहे."

बापाच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून ती हे अगदी प्रेमाने बोलली, आणि आपल्या अभ्यासाला निघून गेली. ताळेबंदराव हात वाळेपर्यंत तिथेच बसून राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. डिप्लोम्याचे वर्ग संपून वर्षं लोटली होती. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी घरीच असत. टीव्हीसमोर आडवे, हाकेला नुसतं हं म्हणत, पण घरीच. तरी पोरीची सवय मोडलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, काय ठरलं? नाही करत, ताळेबंदराव म्हणाले. साहेबांना नवल वाटलं. घरून विरोध झाला का, असं त्यांनी विचारलं.

"नाही साहेब," ताळेबंदराव म्हणाले. "घरी माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. म्हणून."

"मग तर उलट सोपंच की," साहेब म्हणाले.

त्या दिवशी कचेरी सुटताच ताळेबंदराव कुठेही न रेंगाळता घरी निघाले. तिथे जाऊन नक्की काय करायचं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.